आवाज न येणारा वर्ग

शिक्षकाचा आवाज ही त्याची खरी संपत्ती असते आणि त्या आवाजातूनच पिढ्या घडतात. हे वाक्य माझं नाही. शिरूरला डी.एड. करताना ते प्रत्येक पाहुण्याच्या भाषणात ऐकायला मिळे, आणि शेवटी शेवटी मलाही त्यात तथ्य वाटायला लागलं होतं. पदविका मिळाली, शिक्षणसेवक म्हणून नेमणूक झाली, आणि पाटसच्या पुढं हायवे सोडून आत गेलेल्या एका वाडीच्या शाळेत मी माझी संपत्ती घेऊन हजर झालो. पहिल्याच दिवशी शेजारच्या वर्गात डोकावलो. पन्नाशीच्या एक बाई मुलांकडे पाठ करून फळा पुसत होत्या. सावकाश, डावीकडून उजवीकडे, कोपरे धरून. वर्ग चिडीचूप. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

मला वाटलं, बाईंची नजर अधू असावी.

तिसरी माझ्याकडे होती, चौथी बाईंकडे. मधे प्लायवूडची भिंत, आणि ती भिंतही वर हातभर मोकळी सोडलेली. त्यामुळे दोन्ही वर्गांना एकमेकांचं शिक्षण फुकट मिळायचं. म्हणजे खरं तर माझं त्यांना मिळायचं. त्यांच्याकडून इकडे फारसं काही यायचं नाही. मी पाढे म्हणून घ्यायचो, कविता म्हणून घ्यायचो, एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर सगळ्यांकडून एका सुरात वदवून घ्यायचो. पलीकडून बराच वेळ काही नाही, मग डस्टरचा घासल्यासारखा आवाज, मग एखाद्या पोराचं अडखळत बोलणं, आणि मग बाईंचे ठरलेले दोन शब्द.

"बरं. कसं काय?"

उत्तर चूक असलं तरी "कसं काय?" आणि बरोबर असलं तरी "कसं काय?" बाईंच्या तोंडून "शाब्बास" मी क्वचितच ऐकलं. कुणी फार घाईनं हात वर केला की म्हणायच्या, "दमानं. गाडी चुकत न्हाई कुणाची." हे म्हणणाऱ्या बाई स्वतः रोज दौंडहून एसटीनं यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीसाठी पदर खोचून हायवेपर्यंत जवळजवळ पळत जायच्या.

गावात माझं नाव मात्र झटकन झालं. ते केलं आप्पांनी. आप्पा म्हणजे ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष. चांगला ऊस, कडक टोपी आणि बुलेट. मळ्याकडे जाताना ते शाळेसमोर गाडी बंद करायचे आणि कान द्यायचे. त्यांची शिक्षणाविषयीची कल्पना पिठाच्या गिरणीवरून घेतलेली होती. आवाज येतोय म्हणजे चालू आहे.

"गुर्जी, तुमचा आवाज पार मोटरीवर ऐकू येतोय बघा," एकदा मला म्हणाले. "नवाचा पाढा मला आता झोपंतबी येतोय."

मी विनयानं हसलो.

"आन् ह्या बाईंच्या वर्गाचं काय कळंना. माझा नातू हाय तिथं. शाळा हाय का दवाखाना?"

दिवाळीच्या आतच माझा घसा बसला. एका दुपारी बाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढून माझ्यापुढं धरली. खडीसाखर होती.

"गुर्जी, तिसरीची पोरं काय नदीपल्याड बसत न्हाईत."

"लक्षच देत नाहीत हो, बाई."

"तुम्ही मधी जागाच सोडत न्हाई. लक्ष ठेवायचं कुठं त्यांनी?"

खडीसाखर चघळत असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. पुढं लक्षात आलं की खडीसाखर नसती तरी मला ते देता आलं नसतं.

कोऱ्या फळ्याबद्दल मी त्यांना सरळच विचारलं. तुम्हीही विचारलं असतं. बाई जरा लाजल्या, आणि मग म्हणाल्या, "प्रश्न टाकला की आपल्यालाच दम निघत न्हाई, गुर्जी. पोरगं अजून प्रश्न गिळतंय, तवर आपण उत्तर सांगून मोकळं. म्हणून हाताला काम द्यायचं. हात चालला की तोंड गप ऱ्हातं."

"पण पाठ कशाला करायची?"

"पोराच्या तोंडाकडं बघत उभं ऱ्हायलं की त्याला वाटतं पोलीस उभा हाय. पोलिसापुढं कुणाला काय आठवतंय व्हय?"

आमच्या डी.एड.च्या पुस्तकात पाठाच्या पायऱ्या होत्या. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन आणि पुढं बरंच काही. त्यात गप्प बसणं ही पायरी नव्हती. बाईंच्या तासात कधी कधी तेवढी एकच पायरी असायची. रोज्यांच्या महिन्यात हेडसर त्यांना काळजीनं म्हणायचे, "बाई, पाणीसुद्धा न पिता दिवसभर बोलायचं म्हणजे त्रास होत असेल." बाई मान डोलवायच्या. त्या मुळात इतकं कमी बोलायच्या की घसा कोरडा पडायला काही कारणच नव्हतं.

एका सकाळी त्यांच्या वर्गातल्या एका पोरानं फळ्यावर तीनशे चाळीस हा आकडा ३००४० असा लिहिला. माझ्याकडे असता तर मी तो खोडला असता, बरोबर आकडा लिहिला असता आणि सगळ्यांकडून तो पाच वेळा म्हणून घेतला असता. बाईंनी तो तसाच ठेवला. "बरं. कसं काय?" पोरगं म्हणालं, "आदी तीनशे ल्हिलं. मग चाळीस ल्हिलं." बाई म्हणाल्या, "खरं हाय," आणि त्या दिवशी त्यांनी एवढा कोपरा सोडून बाकीचा फळा पुसला. मधल्या सुट्टीतही ३००४० तिथेच होता. पोरं येता-जाता त्याच्याकडे बघायची. दुपारी त्याच पोरानं स्वतःहून खडू मागितला, ३००४० च्या पुढं सात जोडला, आणि झालेल्या ३००४०७ या लांबलचक आकड्याकडे बघत राहिलं.

"बाई, ह्ये लईच लांबतंय. असं असतं तर लाखाला फळा पुरायचा न्हाई."

"मग?"

"मग काय तर चुकतंय."

"कुठं?"

पुढचा तासभर अख्खा वर्ग ते कुठं चुकतंय हे शोधत होता. सुटताना बाई मला म्हणाल्या, "त्याचं चुकलं न्हवतं वो. कानानं जे ऐकलं तेच हातानं ल्हिलं. बिचाऱ्याला तीनशे आन् चाळीस असं दोन शब्दांत ऐकू येतंय."

त्यांच्या वर्गात आणखी एक प्रथा होती. जो "न्हाई समजलं" म्हणेल त्याच्या हातात खडू जायचा. नेमकं कुठपर्यंत समजलं आणि कुठं गाडं अडलं, हे त्यानं फळ्यावर जाऊन दाखवायचं. खडूसाठी पोरं हपापलेली असतात हे तुम्ही जाणताच. त्यामुळे त्या वर्गात न समजण्याला एक प्रतिष्ठा आली होती. समजलेल्या पोरांची तोंडं बारीक व्हायची.

हे सगळं भिंतीच्या या बाजूला कळायचं. रस्त्यावर बुलेट थांबवून ऐकणाऱ्याला फक्त शांतता ऐकू यायची.

पौषाच्या सुमारास आप्पांनी तालुक्याला अर्ज दिला. बाई शिकवत नाहीत, वर्गातून आवाज येत नाही, मुलांचं नुकसान होत आहे, तरी बदली व्हावी. आप्पांचा बाईंवर राग होता असं नाही. राग शांततेवर होता. हेडसरांनी ही बातमी आम्हाला ऑफिसात बोलावून, दार लोटून सांगितली. ते फार सावध गृहस्थ होते. स्वतःची सही करतानाही एकदा मागं बघायचे.

"साहेब येणार आहेत वर्ग बघायला," ते म्हणाले. "त्यांना अर्ज पटला तर वेल्ह्याकडं जागा रिकामी आहे म्हणतात. डोंगरात. तिथून रोज येणं-जाणं..."

बाईंनी मान डोलवली आणि त्या वर्गावर निघून गेल्या.

त्या शनिवारी शिरूरला घरी जाण्याऐवजी मी दौंडला त्यांच्या घरी गेलो. रेल्वेलाईनच्या बाजूला दोन खोल्या. त्यांचे मिस्टर कॉटवर उशीला टेकून बसले होते. रेल्वेत फाटकावर होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून घरीच. नवरा फाटकावर, बायको वर्गावर. लोकांना थांबायला लावणं हाच दोघांचा धंदा होता म्हणायचा.

मी विचारलं, "कशी आहे तब्येत, चाचा?"

त्यांचे ओठ हलले. "च..." म्हणाले आणि थांबले.

"चांगली आहे?" मी मदत केली.

त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा "च..." कपाळावर आठ्या.

"चालता येतं का आता?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मला ओळखीचा आवाज ऐकू आला. बाई आमच्याकडे पाठ करून ओटा पुसत होत्या. सावकाश, डावीकडून उजवीकडे. ओटा लख्ख होता. मी तोंड मिटलं. बाहेरून एक मालगाडी गेली, डब्यामागून डबे, संपेचना. ती गेल्यावर चाचा म्हणाले, "चहा... घेणार... का?"

बाई वळल्या. "घेतील की," म्हणाल्या, आणि भांडं ठेवलं.

जिन्याखाली मला सोडायला आल्या तेव्हा त्या पहिल्यांदाच बदलीविषयी बोलल्या. "डोंगराचं मला काय न्हाई, गुर्जी. भाकरी कुठंबी थापता येती. पण ह्यांच्याजवळ शेजारची पोरगी बसती. गुणाची हाय, सगळं करती, पण तिला घाई. ताटात भाजी वाढावी तसं ती ह्यांचं वाक्यबी वाढून टाकती. मग हे दिवसभर बोलतच न्हाईत. मी आल्यावर बोलत्यात. मी वेल्ह्याला गेले तर हे गपच होतील वो."

परतीच्या एसटीत मी एक सुंदर विचार तयार केला. नवऱ्याच्या आजारानं बाईंना थांबायला शिकवलं, आणि तीच शिकवण त्यांनी वर्गात आणली. असं काही सुचलं की माणसाला आपण संवेदनशील असल्यासारखं वाटतं. सोमवारी मी तो विचार बाईंना ऐकवला. त्या म्हणाल्या, "छे, उलटं. वर्गातली सवय होती म्हणून घरात निभावलं."

तपासणीसाठी हेडसरांनी एक उपाय काढला. आमच्याकडे तपासणीच्या दिवशी हुशार पोरं उसनी आणायची रीत होती. लग्नात जशी शेजारच्या वस्तीवरून सतरंजी मागून आणतात, तशी. शेजारच्या शाळेत साहेब आले की आपली चार पाठवायची, आपल्याकडे आले की त्यांची चार आणायची. खुद्द साहेबांनाही काही चेहरे आता ओळखीचे झाले असावेत, पण ते कधी तसं बोलले नाहीत.

"पाढे खणखणीत म्हणतात, बाई," हेडसर म्हणाले. "पुढच्या रांगेत बसवू."

"बसवा की. पण माझी पुढची रांग कुठं बसवायची?"

"त्यांना काय, एक दिवस सुट्टी."

"मला बघायला येणार, आन् माझीच पोरं न्हाईत व्हय? मग साहेब काय माझं लुगडं बघणार?"

हेडसरांनी सवयीनं एकदा मागं बघितलं आणि विषय सोडला.

साहेब आले. सफारी घातलेले, थोराड अंगाचे, दमलेले. माणूस वाईट नव्हता. दुपारपर्यंत त्यांना आणखी दोन शाळा उरकायच्या होत्या, आणि जेवण आप्पांकडे होतं. चौथीच्या वर्गात त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, आप्पांनी शेजारी आपली मांडून घेतली. मला राहवेना, म्हणून मी माझ्या वर्गाला शुद्धलेखन देऊन दारात उभा राहिलो.

साहेबांनी मुलांकडे बघून विचारलं, "पाटसहून दौंडला जायला एका एसटीला अर्धा तास लागतो. तर दोन एसट्यांना किती वेळ लागेल?"

वर्ग गप्प. बाईंनी डस्टर उचललं आणि पाठ केली.

शांतता लांबत गेली. साहेबांनी घड्याळ बघितलं. आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाले, "बघितलं का, साहेब? एक पोरगं त्वांड उघडंना. ह्येच म्हनतोय मी कवाधरनं."

त्याच वेळी प्लायवूडच्या भिंतीवरून माझा वर्ग एका सुरात गरजला. "एऽऽक ताऽऽस!"

आप्पांचा चेहरा उजळला. "ह्ये बगा! ह्याला म्हनत्यात शिकीवनं!"

मी दारातून फळ्याकडे बघितलं. बाईंचा हात फिरत होता, पण डावीकडून उजवीकडे नाही. एकाच जागी, गोल गोल, तेवढ्याच वितीत. मान खाली होती. मला दौंडचा ओटा आठवला. त्यांनी नुसतं वळून "अगं, सांग की" म्हटलं असतं तर निदान चार हात वर आले असते. त्या वळल्या नाहीत.

खिडकीशी बसणारी एक मुलगी उठली. "साहेब, न्हाई समजलं."

आप्पांनी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, "काय नाही समजलं?"

"दोन्ही गाड्या एकदम सुटत्यात, का एकीमागं एक?"

साहेबांनी याचा विचार केलेला नसावा. "एकदमच सुटतात समज."

"मग अर्धाच तास लागंल."

मागून एक पोरगं म्हणालं, "कसं काय?"

"गाड्या वाढल्या म्हणून रस्ता वाढत न्हाई काय," मुलगी म्हणाली.

"पर म्होरली निसटली आन् मागलीला फाटक लागलं तर?" तिसरा.

"एकदम सुटल्यात म्हनल्यावर दोन्हीलाबी लागंल."

तेवढ्यात आप्पांचा नातू उभा राहिला आणि आजोबांकडे तोंड करून म्हणाला, "आप्पा, तुमी बुलेट तिरकी करून फाटकाखालनं काढता न्हाई का? तसं एसटीला जमंल का?"

वर्गात हशा फुटला. साहेब पोट धरून हसले. आप्पांना खोकला आला. हसणं थांबल्यावर पोरांनी फाटकाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला, आणि साहेब खुर्ची पुढं ओढून त्यात सामील झाले. बाई एव्हाना वळल्या होत्या. डस्टर दोन्ही हातांत छातीशी धरलेलं, पदरावर खडूची भुकटी.

जीपमध्ये बसताना साहेबांनी हेडसरांना निकाल सांगितला. "बदलीचं काही कारण दिसत नाही. वर्गात शिस्त चांगली आहे. आणि फळा अतिशय स्वच्छ. बाकीच्या शिक्षकांनीही लक्ष द्यावं."

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी सर्व फळे स्वच्छ ठेवण्याची सूचना काढली. आप्पा पारावर सांगायला लागले की बाई शिस्तीच्या आहेत हे त्यांनीच साहेबांच्या नजरेस आणून दिलं. मी वैतागून बाईंना म्हणालो, "साहेबांना काहीही कळलं नाही, बाई."

"न्हाई का कळलं? असू द्या की. संध्याकाळची गाडी मिळाली मला." मग हसल्या. "ह्यांना सगळं सांगितलं काल. भाकऱ्या थापून झाल्या तवर त्यांचं उत्तर आलं. म्हणाले, फाटकाचं पोरगं बरोबर हाय. आन् त्या बुलेटवाल्याचा नंबर आण म्हणाले."

चाचा त्यानंतर काही वर्षं होते. ते गेले, आणि वर्षभरात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मांडव घातला होता. अध्यक्षस्थानी अर्थात आप्पा. "बाईंचा आवाज ह्या गावात कायम घुमत राहील," असं त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं. मग बाई माईकपुढं उभ्या राहिल्या. समोर जुनी-नवी पोरं बसली होती, काहींच्या कडेवर त्यांची पोरं होती. बाई बघत राहिल्या. तिथं फळा नव्हता. हाताला काम नव्हतं, म्हणून त्या अंगावरच्या शालीचं टोक गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. जुनी पोरं शांत बसून होती, त्यांना याची सवय होती. स्पीकरवाल्याला नव्हती. माईक बंद पडला असं वाटून तो धावत आला आणि बाईंच्या पुढ्यात "हॅलो, हॅलो" करून गेला.

"चालू हाय रं," बाई म्हणाल्या. मग सगळ्यांना म्हणाल्या, "जेवून जा समद्यांनी. दमानं."

त्यांचं भाषण एवढंच झालं. त्या मुलीकडे मिरजेला गेल्या, आणि पुढं तिकडेच वारल्याचं कळलं. बातमी मला उशिरा कळली. माती होऊन महिना झाला होता.

त्या निवृत्त झाल्या त्या जूनमध्ये चौथी माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात मी एक प्रश्न विचारला, मुलांकडे पाठ केली आणि फळा पुसायला घेतला. तुम्ही नव्यानं वर्गावर उभे राहिला असाल तर हे एकदा करून बघा. पहिल्यांदा मान ताठते. आपल्याला पगार बोलण्याचा मिळतो, असं वाटत राहतं. मग मागं कुणीतरी श्वास घेतं, कुणी पाटीवर काहीतरी खरडतं, कुणी शेजाऱ्याला हळूच "न्हाई, तसं न्हाई" म्हणतं, आणि आपल्या पाठीला कळतं की मागं काहीतरी चाललेलं आहे. विद्या अशीच एका हातातून दुसऱ्या हातात जाते, गुरू निघून जातो पण त्याचा हात मागं राहतो, असा एक भारदस्त विचार डस्टर फिरवताना माझ्या मनात आला.

बाहेर बुलेट बंद झाल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच नाही. मग ती चालू झाली आणि मळ्याकडे गेली.

श्रावणाच्या आत आप्पांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला. गुरुजी पूर्वी चांगले होते, हल्ली वर्गातून आवाज येत नाही.